मोडत नव्हती ती भाकर

भाविकहो, नगरकडच्या बोरखेडी गावी धर्मोपदेशक दाऊदबाबांचा मुक्काम असे, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला बाबांनी एक रीत लावून दिली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकच भाकर मोडून सर्वांनी खायच्या विधीच्या, आदल्या दिवशी प्रत्येकाने दारोदार जायचं आणि विचारायचं, "माझ्या वागण्यानं तुमचं मन दुखलं का?" बाबा म्हणत, "आपण माणसांशी कसे वागतो ते आपल्याला कुठं दिसतं? ते समोरच्यालाच विचारावं."

मंडळीचे पंच नथनेल पाटोळे ही रीत अगदी काटेकोर पाळत. धुवट सदरा घालून अकरा घरं फिरत आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारत. आता पंचांच्या तोंडावर कोण काय बोलणार? जो तो म्हणे, "छे छे, पंच!" मग नथनेल समाधानाने घरी येऊन ताणून देत.

बारावं घर सगुणामावशींचं, ओढ्यापलीकडे. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. वीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर त्याच थापत आल्या होत्या. पुढे त्यांच्या हातांवर कोड उठलं, तेव्हा नथनेल भर देवळात म्हणाले, "असल्या हातची भाकर कुणाच्या घशाखाली उतरेल? यापुढं आमच्या घरून येईल." सगळे माना खाली घालून बसले. "बरं, पंच," एवढंच म्हणून मावशी उठल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. "रुसलीय म्हातारी," नथनेल हसले, "येईल आपणहून." बाबा तेव्हा दूरच्या गावांकडे गेलेले होते.

सहा महिन्यांनी बाबा परतले. रविवारी प्रार्थना करून त्यांनी भाकर हाती घेतली, आणि काय सांगावं, भाकर मोडेना! सकाळीच थापलेली, मऊसूत भाकर. बाबांच्या कपाळावर घाम आला, पण तिला साधा तडा जाईना.

बाबांनी ती खाली ठेवली. "कुणाचं दार राहिलंय?"

नथनेल उठून म्हणाले, "बाबा, मी अकराच्या अकरा घरं केली."

"आणि बारावं?"

"ती बाईच येत नाही, बाबा." बोलता बोलता नथनेलना ते "बरं, पंच" आठवलं आणि आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला.

भाकर फडक्यात बांधून बाबा ओढ्याकडे निघाले. मागून नथनेल. वाटभर ते मनाशी म्हणत होते, शिव्या दिल्या तरी चालतील, पण मावशी भेटू दे.

मावशी बाजेवर पडून होत्या. आठ दिवसांचा ताप, उशाशी रिकामा तांब्या. या आठ दिवसांत कुणी डोकावलं नव्हतं. चुलीवर मात्र तव्यात एक वेडीवाकडी भाकर होती. मावशी पुटपुटल्या, "आज प्रभूचा दिस नव्हं? म्हनून थापली. न्यायला कुनी येत नाय."

नथनेल जमिनीवर बसले. अकरा दारांत घडाघडा म्हटलेलं वाक्य ते आता अडखळत म्हणाले. "मावशी... माझ्या वागण्यानं..."

"दुखलं रं," मावशी म्हणाल्या. "लई दुखलं."

उभ्या जन्मात नथनेलना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मावशींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लहान पोरासारखे रडले.

बाबांनी फडकं सोडून भाकर मावशींच्या हाती दिली. त्या पांढऱ्या बोटांत ती अलगद मोडली! पहिला तुकडा त्यांनी नथनेलसमोर धरला. "घे. माझ्या हातचा खाशील ना?"

नथनेलनी तो डोळ्यांना लावून खाल्ला. त्यांनी तांब्या भरून आणेपर्यंत मावशींनी प्राण सोडला होता. बाबा उशाशी बसून राहिले. मग म्हणाले, "प्रभूनं आपल्याला वेळेवर आणलं, नथनेल. उशीर आपणच केला होता."

त्यानंतर प्रत्येक प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी नथनेल पाटोळे आधी ओढ्यापलीकडे जात. बंद दारापाशी वाकून उंबऱ्याला कपाळ टेकवत आणि विचारत, "मावशी, दुखलं का?" ते तसेच थांबत, आणि मग बाकीच्या अकरा घरी जात.