पैलवान आणि नदीचं कासव

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका नगरात रंगोबा नावाचा पैलवान राहत होता. त्यानं शड्डू ठोकला की समोरचा मल्ल अर्धा तिथेच हरायचा.

एका सकाळी नदीवर त्याला फाटक्या जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं. दोरा पायात रुतून जखम झाली होती. रंगोबानं दातांनी दोरा तोडला, कासव पंच्यात घेतलं आणि थेट नदीच्या राखणदाराचं घर गाठलं. कारण त्या राज्यात नदीतली कासवं घरी पाळायला बंदी होती.

"घरी नेऊन औषधपाणी करू का?" त्यानं विचारलं.

"करा. पण बरं होईपर्यंतच हं," राखणदार म्हणाला.

मग काय! अंगणात दगडी कुंड मांडलं गेलं. बुडता येईल पण दमणार नाही इतकंच पाणी, चढून ऊन खायला एक सपाट दगड, आणि बाजूला थोडी सावली. पैलवान रोज पाणी बदलायचा, जखमेला हळद लावायचा, कोवळा पाला आणि माशाचे तुकडे घालायचा. भल्याभल्यांना चीत करणारे ते हात कासवाला असे उचलायचे, जणू तान्हं बाळच.

कासव बरं झालं. रंगोबाची चाहूल लागली की मान बाहेर काढू लागलं.

त्याची बायको सुंद्राबाई म्हणाली, "अहो, लळा लागलाय त्याला. राहू द्या ना. कोण विचारायला येतंय?"

शेजारचे शेटजीही कुंपणावरून म्हणाले, "कासवानं घरात बरकत येते, पैलवान! माझ्याकडेही आहे एक, माजघरात झाकून ठेवलेलं."

रंगोबानं कासवाच्या पाठीवरून हात फिरवला. "लळा मलाही लागलाय," तो म्हणाला. "पण बरं होईपर्यंत असं बोललोय मी. आणि याचं घर काही माझं अंगण नाही."

तो स्वतःच राखणदाराला बोलावून सुंद्राबाईसह नदीवर गेला. कासव पाण्यात शिरलं आणि सरसर पोहत दिसेनासं झालं. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"विसरलं हो तुम्हाला," सुंद्राबाई हळहळली.

"अगं, पाय कसा चालला बघितलास?" डोळे पुसत पैलवान हसला.

राखणदारानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "इथून पुढे नदीतलं प्रत्येक जखमी कासव तुमच्याच अंगणात येईल. राजाज्ञा मी आणतो."

दुसऱ्या दिवशी शेटजी खाली मान घालून दारात उभे होते. हातात त्यांचं कासव. अंधारात राहून त्याची पाठ मऊ पडली होती.

"वाचेल का हो?"

रंगोबानं एका शब्दानंही बोल लावला नाही. "या, उन्हात ठेवू," म्हणत त्यानं कुंडात ताजं पाणी ओतलं.

तात्पर्य इतकंच: मुक्या जिवावर खरी माया असेल, तर आपल्याला काय हवं यापेक्षा त्याला काय हवं ते आधी पाहावं.