चौथऱ्यावरची लाल गाडी

"पण बुवा, माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा!"

कचेश्वरबुवा वेलणकरांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तिथे मठाच्या अंगणात वेलणकरांची लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती.

"तिच्यात काय कमी आहे?" बुवांनी विचारलं.

"तेल. इंजिनचं. घाटाच्या शेवटच्या वळणांवर तेलाचा दिवा लुकलुकायला लागला. ते मी बघतो हो. माझा प्रश्न..."

"किती कमी आहे?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"हं..." बुवा म्हणाले.

हेमचंद्र वेलणकर या डोंगरावर आले ते काही पहिल्यांदा नव्हे. पुण्यात त्यांचा पंपांचा कारखाना होता, पहाटेचं ध्यान चुकत नव्हतं, उपनिषदं तोंडपाठ होती. राहिला होता तो फक्त बुवांचा अनुग्रह. मागून तो मिळत नसे. बुवांच्या मनात आलं की ते स्वतःच जवळ बोलावत आणि कानात मंत्र सांगत. वेलणकरांच्या मेहुण्याला, सुधाकरला, तो पहिल्याच भेटीत मिळाला होता, आणि तेव्हापासून वेलणकरांना अन्न गोड लागत नव्हतं.

"बुवा, रागावू नका. पण आमचा सुधाकर ध्यानाला बसला की घोरतो."

"छान घोरतो," बुवा म्हणाले. "मोज मग."

"इथे नाही मोजता येणार. अंगणाला उतार आहे, गाडी नाक वर करून उभी आहे. अशी मोजली की माप खोटं येतं."

"नाक वर असलं की खोटं?"

"अगदी. सपाट जागा पाहिजे. आणि न मोजता घाट उतरायची माझी छाती नाही. हे इंजिन जाम झालं तर दुसरं मिळायचं नाही. माझ्याच वयाची आहे गाडी."

"सपाट जागा डोंगरावर एकच आहे," असं म्हणून बुवा उठले.

तिच्यावरच ते बसले होते. वडाखालचा तो फरसबंद चौथरा बुवांच्या गुरूंनी बांधून घेतला होता. त्याच्यावर लिंबू ठेवलं तर तेही जागचं हलत नसे. एका बाजूने पालखी चढवण्यापुरती उतरण होती. बुवांशिवाय तिथे कुणी पाऊल ठेवत नसे.

"चढव," बुवा म्हणाले.

"इथे? ही तर तुमची बैठक..."

"तुला सपाट पाहिजे ना?"

इंजिनचा आवाज ऐकून मठाचं स्वयंपाकघर सांभाळणारी तानूबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

"अवो बुवा! तिथं म्या आमदाराला टेकू दिलं न्हाई, अन् ह्ये मोटार चढवत्यात?"

"आमदाराला मोजायचं नव्हतं, तानू."

गाडी दोनच माणसांची, म्हणून मावली. वेलणकरांनी इंजिन बंद केलं आणि ते चौथऱ्यावर उतरले. पांढराशुभ्र झब्बा, मागे वळवलेले रुपेरी केस. बुवा खाली मातीत, वडाच्या मुळाला टेकून बसले. त्यांच्या धोतराला मागच्या पावसाळ्यापासून ठिगळ होतं.

"मोज," बुवा म्हणाले.

"लगेच नाही. तेल आत्ता इंजिनच्या वरच्या भागात आहे. ते खाली यायला वेळ लागतो."

"तोवर काय करायचं?"

"काही नाही. नुसतं थांबायचं."

"जमतं तुला?"

"न जमायला काय झालं?" वेलणकर म्हणाले. आणि श्वासभरही न थांबता, "पण बुवा, सुधाकरमध्ये तुम्हाला असं काय..."

"आलं का खाली?"

वेलणकर घड्याळ बघू लागले.

तेवढ्यात डोंगराच्या पायऱ्या चढून माणसं आली. सोलापूरकडचं एक जोडपं आणि बरोबर म्हातारी आई. बुवांचं नाव ऐकून पहिल्यांदाच आले होते. चौथऱ्यावर बसतात ते बुवा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वर पाहिलं. वर लाल झळझळीत गाडी, तिच्याशेजारी पांढऱ्या झब्ब्यातले वेलणकर.

"बाबा, चपला हितंच काढायच्या?" नवऱ्याने मातीत बसलेल्या बुवांना विचारलं.

"इथंच काढा," बुवा म्हणाले. "मी बघतो."

आणि त्यांनी चपला नीट जोडीने लावून ठेवल्या.

म्हातारीने गाडीच्या चाकापुढे नारळ ठेवला. बाईने वेलणकरांच्या पायांवर डोकं टेकलं.

"महाराज, थोरलीचं लगीन जमंना झालंय. तुमीच काय ते बगा."

मी महाराज नव्हे, महाराज ते खाली, असं सांगायला वेलणकरांनी तोंड उघडलं. पण ती बाई हात जोडून अशी काही बघत होती की... उजवा हात आपोआप वर गेला.

"जमेल," ते म्हणाले. आवाजही जरा खोल लागला. "वैशाखात."

बाईच्या डोळ्यांना धार लागली. तानूबाईने कपाळावर हात मारला. कपाळाला पीठ लागलं. मग "चला, परसाद घ्या" असं म्हणत तिने तिघांनाही स्वयंपाकघरात नेलं.

वेलणकर बॉनेटकडे वळले.

"आता आलं असेल खाली," वेलणकर घाईघाईने म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांनी इंजिनमधून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची लांब पट्टी, बाहेर ओढली.

बुवा उठून जवळ आले. "अरे, ही तर भरलेली दिसते! वरपर्यंत तेल आहे."

"ते खरं नव्हे, बुवा. चालताना उडालेलं तेल पट्टीला चिकटलेलं असतं. पहिलं माप कधी धरायचं नसतं. पुसायचं, परत बुडवायचं, मग बघायचं."

त्यांनी पट्टी फडक्याने पुसली, बुडवली आणि परत काढली. तेल खालच्या खुणेलाही लागलं नव्हतं.

"अरेच्चा... पार तळाला गेलंय!"

डिकीतून डबा आला. वेलणकर थोडं तेल ओतत, थांबत, पट्टी पुसत, परत बघत.

"सगळा डबा ओत की," बुवा म्हणाले.

"छे! जास्त झालं तर तेलाचा फेस होतो. फेसाने इंजिन मरतं."

अखेर तेल दोन खुणांच्या मध्ये आलं. वेलणकरांनी झाकण घट्ट बसवलं, गाडी अंगणात उतरवली, इंजिन चालू ठेवून दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. त्यांनी इंजिन बंद केलं. मग चौथऱ्यावर पडलेला तेलाचा थेंब गुडघे टेकून पुसला. बुवा परत आपल्या जागी जाऊन बसले.

वेलणकर खालीच उभे राहिले.

"बुवा... माझं काय?"

या खेपेला आवाज बराच हळू होता.

बुवांनी त्यांना जवळ बोलावलं. वेलणकरांनी झटकन कान पुढे केला.

बुवांनी कानाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वेलणकरांचा तेलाने माखलेला उजवा हात धरला, आपल्या उपरण्याचं टोक घेतलं आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. सावकाश. तळवा पुसला, मनगट पुसलं. उपरणं काळंकुट्ट झालं.

"आता ह्ये कशानं निघायचं?" दारातून तानूबाई करवादली.

तिच्यामागे तिघंजण ताटावर बसून भात जेवत होते. बाई मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

बुवांनी हात सोडला.

"जा. परत ये."

"कधी येऊ, बुवा?"

बुवांनी दाराकडे पाहिलं.

"वैशाखात... त्यांच्या पोरीला घेऊन ये. नवऱ्यासकट."