छताला लटकलेला नवरदेव

एक होता राजा, आणि असा उतावळा की कपाळाला हात लावावा. मंजिरी, पाय पांघरुणात घे, नाहीतर गोष्ट बंद.

तर त्याच्या राज्यात चुनखडीचा एक डोंगर होता. पावसाचं पाणी मातीतून झिरपायचं, जरासं आंबट व्हायचं आणि दगड विरघळवत आत आत जायचं. युगानुयुगं हेच चाललं, मग डोंगराच्या पोटात ही मोठी गुहा झाली. कुणी खणली नाही, बरं का. मग छतातून थेंब ठिबकायला लागले. पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसा प्रत्येक थेंब इवलासा चुना मागे ठेवायचा. छताला एक सुळका लोंबायला लागला आणि थेंब पडे तिथे खालून दुसरा वाढायला लागला. मध्ये वीतभर जागा उरली.

लोक म्हणायचे, वरचा नवरदेव, खालची नवरी, टोकं भिडली की लग्न. राजाला मूल होईना, तेव्हा तो तिथे नवस बोलून बसला, "मुलगी होऊ दे. आधी या दोघांचं लग्न, मग तिचं." झालं. मुलगी झाली, तिचं नाव केवडा. ती मोठी झाली, शेजारच्या राजपुत्रावर तिचा जीव जडला, आणि हा नवरदेव अजून छतालाच लटकलेला. राजपुत्राच्या घरचे वैतागले. म्हणाले, "या वैशाखात नाही, तर आम्ही दुसरी मुलगी बघतो."

मग राजाने काय करावं? थेंब कमी पडतात म्हणून डोंगरावर घागरी ओतल्या. पाणी धो धो वाहून गेलं, चुना बसायला वेळच मिळाला नाही. मग गवंड्याकडून मध्ये चुना थापून घेतला. तो गळून पडला, शिवाय नवरदेवाचं टोकही घेऊन गेला. मग थेंब लवकर सुकावेत म्हणून आत जाळ केला. गुहा काळी झाली आणि राजाचे डोळे लाल. काय म्हणावं या माणसाला.

केवडा आधी रडली, मग चिडली. "बाबा, तुळशीचं लग्न लावता, तेव्हा तुळस वृंदावनातून खाली उतरते का?"

मग तिने आपला शेला दोन्ही सुळक्यांच्या मध्ये अंतरपाट म्हणून धरला. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, शेला बाजूला झाला.

"पण ही दोघं अजून लांबच आहेत," राजा म्हणाला.

"असू देत. लग्न लागलं. संसार ती आपल्या चालीने करतील. आता माझं बघा."

मग त्याच वैशाखात केवडाचं लग्न झालं आणि सगळी सुखाने नांदली. थेंब मात्र अजून तसाच ठिबकतोय, त्याला कुणाची घाई नाही. चला, डोळे मिटा आता, मलाही पाठ टेकू द्या.