कुमुदिनीबाईंचा अभिप्राय

“जी बाई मुळात नाहीच, ती दर महिन्याला पत्र कशी पाठवेल, बाबा?”

दस्तगीरबाबा आपल्या तकियात, फकिराच्या त्या लहानशा मठीत, चुलीपुढे वाकले होते. ते चूल फुंकत होते.

शिरीष ओगलेने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा आवाज चढवून. पुण्याच्या कंपनीतल्या माणसाला गावाबाहेरच्या एका फकिराने ताटकळत ठेवावं, हे एरवी त्याला खपलं नसतं. पण आज त्याने मांडीवरची बॅग नुसती गच्च धरून ठेवली होती.

“कोन बाई?” बाबांनी विचारलं.

“कुमुदिनी तारळेकर. तुमच्या याच गावात राहते म्हणे.”

बाबा उठले. कोपऱ्यातली चटई उचलून त्यांनी झटकली आणि शिरीषच्या समोर अंथरली. मग चुलीपाशी तीन कप मांडले.

“अजून कोणी येणार आहे का?”

“हितली रीत हाय, बेटा. या तकियात पाठीमागं कुनाचं बोलायचं न्हाई. ज्याचं बोलायचं, त्याला आधी बसाया जागा द्यायची. च्या द्यायचा. मंग बोलायचं.”

“अहो, पण ती नाहीच आहे!”

“मंग एक कप वाया जाईल. बोल तू.”

दुपारची वेळ होती. तकियात दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. शिरीषने रिकाम्या चटईकडे एकदा पाहिलं आणि नजर बाजूला घेतली.

मग त्याने सगळं सांगितलं.

मोबाइलवर सिनेमे बघायचे दिवस तेव्हा अजून यायचे होते. शिरीषच्या कंपनीने एक डबी काढली होती, पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवावेत एवढी जाड. तिच्यात गाणी भरायची, सिनेमे भरायचे, खिशात टाकून कुठेही न्यायची. नाव ठेवलं होतं ‘सांगाती’. असे पंचवीस नग या गावात वाटून, लोकांनी ते महिनाभर वापरले की त्यांचे अभिप्राय छापील फॉर्मवर लिहून घ्यायचे, हे शिरीषचं काम.

लोकांनी अभिप्राय दिलेही. पण कसे? एक निवृत्त मास्तर म्हणाले, चित्रातली माणसं मुंगीएवढी दिसतात, त्यापेक्षा मुंग्याच बघतो. एक शिंपी म्हणाला, कानात घालायची वायर तोकडी आहे, मशीनवर वाकलं की ओढली जाते. तिसऱ्याने विचारलं, हे गरम होतं ते मुद्दाम केलंय का, थंडीसाठी? एका किराणा दुकानदाराने तर चौथ्याच दिवशी नग खोकं न फोडताच परत केला. गाणी भरायला कॉम्प्युटर लागतो म्हणता, तो काय तुमचे काका देणार?

असले अभिप्राय पुण्याला पाठवून शिरीषची काय शोभा झाली असती!

तसा तो या धंद्यात मुरलेला होता. त्याच्या बॅगेत सात रंगांची पेनं असत. लॉजच्या खोलीत टेबलाशी बसून त्याने दोन दिवसांत पंचवीस फॉर्म स्वतःच भरले. दर फॉर्मला अक्षर वेगळं, शाई वेगळी, चुका वेगळ्या. गिऱ्हाईक काय म्हणेल हे गिऱ्हाइकापेक्षा मला जास्त कळतं, असं तो सहकाऱ्यांना सांगत असे. ते खरंही होतं बहुधा, कारण त्याची आजवर कधी तक्रार आली नव्हती.

पंचविसावा फॉर्म दुकानदाराने परत केलेल्या नगाचा. त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणून शिरीषने एक तयार केलं.

कुमुदिनी तारळेकर. वय सदुसष्ट. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. चुनेगल्ली, घर क्रमांक अकरा.

म्हातारीचं थरथरतं अक्षर यावं म्हणून त्याने तो फॉर्म डाव्या हाताने लिहिला.

‘मी एकटीच राहते. सिनेमा संपला की काळ्या काचेत माझाच चेहरा दिसतो आणि घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. सांगातीमुळे सोबत झाली.’

पुण्याला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाक्य पोस्टरवर गेलं, शिरीषला शाबासकी मिळाली. नग मात्र शिरीषच्याच बॅगेत राहिला. त्याने खोकंसुद्धा उघडलं नव्हतं.

“मंग?” बाबांनी चहा गाळता गाळता विचारलं.

“मग पुढच्या महिन्यात तिचा फॉर्म आला. टपालाने. या गावचा शिक्का. नगाचा नंबर बरोबर, माझ्या बॅगेतल्या नगाचा. आणि अक्षर...”

शिरीषने बॅगेतून तीन फॉर्म काढले.

“अक्षर माझ्या डाव्या हाताचं.”

बाबांनी हात पुढे केला नाही. “वाच. मला कुठं वाचाया येतंय?”

शिरीषने वाचलं.

‘आता मी न लावताच चित्र लागतं. एक माणूस टेबलाशी बसून लिहीत असतो. पाठमोरा आहे. चित्र स्वच्छ दिसतं.’

“हा दुसऱ्या महिन्याचा. हा तिसऱ्या.”

‘माणूस अजून लिहितोच आहे. डाव्या हाताने लिहितो. आवाज उत्तम. कागदावर पेन फिरतं तेही ऐकू येतं.’

“आणि हा चौथा.”

‘त्याने मान थोडी वळवली आहे. डाव्या कानामागे तीळ आहे. बॅटरी छान टिकते.’

चुलीतलं लाकूड तडकलं. बाबांनी तिसरा कप चटईसमोर ठेवला आणि दांडी चटईच्या बाजूला फिरवून दिली.

“मला तीळ आहे हे मलाच माहीत नव्हतं, बाबा. बायकोला बघायला सांगितलं. ती म्हणाली, आहे की, लग्नापासून बघतेय.”

बाबा हसले. शिरीषला ते हसू अजिबात आवडलं नाही.

“पुढचा फॉर्म याच आठवड्यात यायचा आहे. तोवर त्या माणसाने मान पूर्ण वळवली असेल. म्हणजे मी... म्हणजे तो तिच्याकडे बघेल. मग काय होईल?”

“तुला काय वाटतं?”

“मला भीती वाटते.”

आयुष्यात पहिल्यांदाच तो हे कुणासमोर बोलला होता. बोलून झाल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

“म्हणून हितवर आलास?”

“नाही. साहेबांनी पाठवलं. कुमुदिनीबाईंचा पुण्यात सत्कार करायचाय त्यांना. स्टेजवर बसवून. मी ठरवलं होतं, गल्लीत एक चक्कर मारायची आणि परत जाऊन सांगायचं की बाई वारल्या. चुनेगल्लीत दहाच घरं आहेत, बाबा. मी फॉर्म भरण्याआधी मोजली होती. म्हणून तर अकरा लिहिलं, कुणी शोधत गेलं तरी सापडू नये.”

“आनि?”

“आज मोजली. अकरा भरली.”

वाऱ्याने पडवीतलं पान हललं. शिरीष दचकला.

“हिरवं दार. बाहेरून कडी. शेजारची बाई भांडी घासत होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली...” त्याने एकदा दाराकडे पाहिलं. “म्हणाली, ‘कुमुदताई व्हय? आत्ताच भाईर पडल्या बगा. आज गुरुवार, तकियात गेल्या आसतील. कंपनीचं मानूस आलं तर बसवून ठिवा म्हनल्या.’”

“मंग बसला न्हाईस?”

“पळालो!”

“पळून कुठं आलास?”

पळून तो थेट तकियात आला होता. ती इथे नाही एवढं एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटलं होतं.

“ती येते का हो इथे?” त्याने हळूच विचारलं.

“तू सांग. बाई तुझी हाय.”

शिरीषने कप उचलला. चहा गरम होता, गोड होता, त्याने जरा धीर आला. मग त्याचं लक्ष तिसऱ्या कपाकडे गेलं. त्यातला चहा निम्म्यावर आला होता. बाबांनी ओतलाच होता निम्मा? त्याला आठवेना. बाबांना विचारायचा धीर होईना.

“ते यंत्र काढ,” बाबा म्हणाले.

“चार्जच केलेलं नाही ते. पाच महिने खोक्यात आहे.”

“काढ.”

शिरीषने चिकटपट्टी फाडली. ‘सांगाती’ बाहेर निघाली, नवीकोरी, काचेवरची पातळ झिल्लीसुद्धा तशीच. बाबांनी वायर उलटसुलट करून पाहिली आणि एक टोक स्वतःच्या कानात बसवलं. डोळे मिटले.

“बटण दाबलेलं नाही, बाबा.”

“हं.”

“त्यात काही भरलेलंच नाही.”

“हं... हं...”

बाबा ऐकत होते. लांबून निरोप घेऊन आलेल्या माणसाचं ऐकावं तसे. मधेच त्यांनी मान डोलावली, मधेच चक्‌ केलं.

“काय ऐकू येतंय?”

“कोनतरी लिहितंय.”

“आणि?”

“आनि थांबतंय. पुन्ना लिहितंय.” बाबांनी डोळे न उघडताच ‘सांगाती’ त्याच्या पुढे धरली. “बग.”

काच काळी होती. तिच्यात शिरीषला आपला चेहरा दिसला, त्यामागे तकियाची चुन्याची भिंत दिसली. त्याने डबी किंचित कलती केली. काचेत आता समोरची चटई आली. चटईचा मधला भाग दबला होता. कुणी मांडी घालून बसल्यावर दबतो तेवढा.

त्याने झटकन डबी उपडी ठेवली. चटईकडे बघायचं धाडस त्याच्यात नव्हतं; तो बाजूला वळून बसला.

मग त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याला शोभणारंच होतं. बॅगेतून कोरा फॉर्म काढला. पेन काढलं, डाव्या हातात धरलं.

“कळलं मला. मी लिहिली म्हणून ती आली. मीच लिहून घालवतो. पाचवा फॉर्म मीच भरतो. ‘ग्राहक मयत.’ बस, दोन शब्द. मग फॉर्म येणार नाही, सत्कार नाही, काही नाही. संपेल ना, बाबा? सांगा, संपेल ना?”

“संपंल की. तू केलीस, तू मार.”

शिरीषने पेन टेकवलं.

“एक सांग फकस्त,” बाबा म्हणाले. “तिला एकटी का केलीस?”

“म्हणजे?”

“पंचवीस मानसं केलीस तू. बाकीच्यांना बायकापोरं दिलीस?”

शिरीष आठवू लागला. चोवीस फॉर्म. कुणाची नातवंडं गाणी ऐकत होती, कुणाची सून सिनेमा बघत होती, कुणी नवराबायको एकेक वायर कानात घालून अंगणात बसत होते. खरी माणसं होती ती, नावं खरी होती, घरंही भरलेली दिली होती त्याने.

“दिली.”

“मंग हिला?”

“लोकांना भिडतं ते,” शिरीष म्हणाला. “म्हातारी, एकटी... लगेच भिडतं. साहेबांना तर...”

सदुसष्ट वर्षांची बाई. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले तिने. एक भाऊ दिला असता तरी चाललं असतं. शेजारी एक मैत्रीण. ओळभरच तर लिहायचं होतं, शाई त्याचीच होती. तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. मनात आलं ते एवढंच की दोन दिवसांचं काम संपत आलं, हा शेवटचा फॉर्म, तो जरा रडका करू. त्याला स्वतःचा राग आला, खरा राग, साहेबांवर ढकलता येईना असा.

पण भीतीही तेवढीच होती. हात फॉर्मवरच होता.

“लिहू का, बाबा? की नको लिहू?”

बाबांनी कानातली वायर काढली. शिरीषचे खांदे धरले आणि बाजूला वळून बसलेल्या त्याला हळूच चटईच्या समोर वळवून बसवलं. शिरीषने डोळे घट्ट मिटून घेतले. समोरून, अगदी हातभर अंतरावरून, त्याला कप टेकवल्याचा बारीक आवाज आला.

“बाबा... जाऊ नका. बाबा!”

बाबा दारापर्यंत पोचले होते. उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

“या खेपेला,” ते म्हणाले, “तिला विचारून लिही.”