लांडग्यांचा पारखी

पूर्वी एका नगरीत कोणी एक राजा राज्य करीत होता. करो बापडा. त्याच्या राज्याच्या पार टोकाला एक उजाड माळ होता, आणि त्या माळावर बोधिसत्त्व लांडगिणीच्या पोटी जन्मला होता. दचकलात ना? तो ससा झाला, हत्ती झाला की तुम्ही लगेच हात जोडता, आणि लांडगा झाला की नाकं मुरडता. पुण्य काय फक्त पाला खाणाऱ्यांनीच करायचं?

टोळीत त्याला पारखी म्हणत. उजाडताच टेकाडावर बसायचं, खाली चरणारा हरणांचा कळप न्याहाळायचा आणि आज कुणाला धरायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. तो ज्याच्याकडे नाक रोखून उभा राही, त्याच्याच मागे टोळी धावे. पारख मोडून भलत्याच जनावरामागे जाणाऱ्याला टोळी हाकलून देई, आणि एकट्या लांडग्याचं त्या माळावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्हाला वाटत असेल, लांडगा सगळ्यांत गलेलठ्ठ हरीण निवडतो. तो तुमच्यासारखा पंगतीत बसलेला नसतो हो! धडधाकट काळवीट लांडगा दिसला की मुद्दाम उंच उंच उड्या मारतो. ‘बघ माझे पाय, उगाच दमशील,’ असं त्याचं सांगणं असतं. लांडग्यालाही ते पटतं. एक लाथ बसून जबडा मोडला तर पुढे उपासमारच. म्हणून पारखी वेगळंच बघे. मान उशिरा कोण उचलतं, कुणाचा खूर जमिनीला नीट टेकत नाही, कळप वळला की मागे कोण रेंगाळतं. गावातला भांडकुदळ तरी पैलवानाच्या वाटेला कुठे जातो? तोही बरोबर मऊ माणूस हुडकतो.

बोधिसत्त्वाचा मात्र एक नेम होता. ज्याच्या अंगात मरण आधीच शिरलंय, तेच जनावर तो दाखवी.

एका वर्षी पाऊस फिरकला नाही. कळपातले म्हातारे, आजारी, लंगडे सगळे संपले. उरले ते वाऱ्यासारखे पळणारे. टोळीची पोटं खपाटीला गेली. टोळीचा म्होरक्या कराल आणि त्याची बहीण धूम्रा ही बोधिसत्त्वाची सख्खी भाचरं. धूम्राची पिल्लं आटलेल्या आचळांना नुसती चावत होती.

त्या सकाळी कळप उधळला, पण एक हरिणी मागे राहिली. थोडी पळे, थांबे, पुन्हा वळून एका उंच गवताकडे येई.

कराल जिभल्या चाटत म्हणाला, “मामा, आज तर आंधळासुद्धा पारख करील. दाखव चटकन.”

“ती अधू नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “तिचं पाडस त्या गवतात दडलंय. त्याला अजून धावता येत नाही, म्हणून हिचा पाय निघत नाही.”

“पाय निघत नाही ना? मग झालं तर! का निघत नाही ते पोटात गेल्यावर विचारू.”

“अरे, दुबळी कोण आणि मायेनं अडकलेली कोण, एवढं तरी कळू दे.”

धूम्रा पुढे आली. “मामा, ती आई, आणि मी कोण? माझ्या पिल्लांना समजावून सांग बरं हा फरक. थोरलं काल रात्री गेलं. धाकटी दोन उरलीत.”

  बोधिसत्त्वाने माळ पुन्हा एकदा न्याहाळला. मग तो उठला, हरिणीकडे पाठ केली आणि टोळीच्या मधोमध येऊन आडवा झाला.

“मामा, हे काय सोंग?” कराल खेकसला.

“आजची पारख झाली,” तो म्हणाला. “मी म्हातारा आहे, आणि टोळीत सगळ्यांच्या मागे पडतो. मांस वातड निघेल, पण ते पाडस पळायला लागेपर्यंत पुरेल. मग ती हरिणी कळपात जाईल, आणि तुम्ही नवा पारखी नेमा.”

“नको रे मामा,” धूम्रा म्हणाली. ती रडत होती, आणि तिच्या तोंडाला पाणीही सुटलं होतं. भूक ही अशी असते, म्हणून हसू नका.

“लेकी, पिल्लं विचारणार नाहीत कुणाचं म्हणून. तू सांगूही नकोस.”

 मग करालने पहिला घास घेतला.

पाडस पळायला लागलं. हरिणी त्याला घेऊन माळाच्या पलीकडे गेली. आपल्यासाठी कोण मेलं हे तिला कधीच कळलं नाही.

तथागतांनी विहारात ही गोष्ट का सांगितली, तेही ऐका. उत्तिय नावाचा भिक्खू अडखळत बोले. पाठ म्हणताना तो अडकला की बाकीचे त्याची नक्कल करीत, आणि जोतिक नावाचा भिक्खू सगळ्यांत मोठ्याने हसे. त्या दिवशीही तसंच झालं होतं. संसार सोडला, खोड्या काही सुटल्या नाहीत!

गोष्ट संपवून तथागत म्हणाले, “तेव्हाचा कराल म्हणजे हा जोतिक. धूम्रा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका खेमिका. हरिणी ही उत्तियची या जन्मीचीही आई. पारखी मी होतो. आणि ते गवतातलं पाडस…”

त्यांनी मान वळवली. उत्तियची जागा रिकामी होती. भिक्षापात्र तेवढं मागे होतं.

कुणी हसलं नाही. जोतिकही नाही.

“या गुणाचं नाव करुणा,” एवढंच म्हणून तथागत उठले, आणि चीवर सावरीत त्याला शोधायला बाहेर पडले.