मथूबाईंच्या पहिल्या सुराची कहाणी

ऐक ग सूरमाये, तुझी कहाणी. हातात अक्षता घ्या बायांनो, मुलं मांडीवर घ्या, आणि मन इकडे द्या.

आटपाट पेठ होती. पेठेत कासारांची आळी, आळीच्या टोकाला पिंपळाचा पार, पारासमोर मथूबाईंचं घर. मथूबाई गाणं शिकवीत. सकाळी मुली येत, दुपारी सासुरवाशिणी येत, दिवेलागणीला दुकानं बंद करून बाप्ये येत. चुकलं की बाई रागवत, रागवून झालं की हातावर गुळाचा खडा ठेवीत. अख्खी पेठ त्यांना बाई म्हणे. नुसतं 'बाईंकडे जाते' म्हटलं की कुणाकडे ते विचारावं लागत नसे.

हे सगळं आलं कुठून? तर नवरा तरुणपणीच गेला. पदरात तीन मुलगे. घरात एक तंबोरा आणि गळ्यात सूर, दुसरं काही नाही. मथू दारात बसली होती, तेव्हा एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, आवाज फाटका. म्हणाली, "मुली मुली, मला गाणं शिकव." पारावरची माणसं हसली. मथू हसली नाही. तिनं पाट दिला, पाणी दिलं, तंबोरा मांडीवर घेतला. म्हणाली, "आजी, सा लावा." म्हातारीनं लावला. फाटका का होईना, जीव ओतून लावला.

मग म्हातारी म्हणाली, "मथू, मी सूरमाय. तुला एक वसा देते."

"आई, हा वसा कसा घ्यावा, कसा पाळावा?"

"रोज पहाटे चूल पेटायच्या आधी तंबोरा लावावा. घरात जितकी माणसं, तितक्यांनी पहिला सा एकत्र लावावा. लहानानं लावावा, थोरानं लावावा. येतो त्यानं लावावा, येत नाही त्यानंही लावावा. घरच्या कुणाला गप्प म्हणू नये. एवढं केलंस तर तुझं घर कधी मुकं होणार नाही."

एवढं बोलून म्हातारी पिंपळामागं दिसेनाशी झाली. मथूनं वसा घेतला. मग घर गाऊ लागलं, शिकणारी माणसं येऊ लागली, मुलगे मोठे झाले. मथूची मथूबाई झाली. तीन सुना आल्या. थोरलीचा आवाज कोकिळेचा. मधलीचा देवघरातल्या घंटेचा. आणि धाकटी तुळजा? तिचा आवाज जाड. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा.

पहाटे सगळी बसत. पहिला सा लागे. सगळ्यांचा वर, तुळजेचा खाली. बाईंच्या कपाळाला आठी पडे. म्हणत, "तुळजे, वर ये ग. अजून थोडी वर." तुळजा वर चढायला जाई, मानेच्या शिरा फुगत, आवाज फाटे. जावा पदराआड हसत. बाईंना हसू येत नसे. पण बाई गप्पही म्हणत नसत. वसा होता ना.

मग एके दिवशी काय झालं? राणीच्या कानावर गेलं, की पेठेत एक घर आहे, तिथं चुलीच्या आधी सूर पेटतो. राणीनं निरोप धाडला, "उद्या पहाटे ऐकायला येते." आळीत सडे पडले, दारांना तोरणं लागली. सगळ्या जन्मात बाई कुणापुढं मिरवल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र मनात आलं, की आपल्या घराला नाव ठेवायला जागा नको. त्यांनी तुळजेला परसात बोलावलं.

"तुळजे, उद्या राणीसाहेब येणार."

"हो सासूबाई. ओसरी सारवून ठेवली मी."

"ते नव्हे ग. उद्या एक दिवस तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नकोस. कुणाला कळायचं नाही."

तुळजेनं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं."

पहाट झाली. राणी आली. सा लागला, सायीसारखा मऊ, कुठं एक गुठळी नाही. राणीनं डोळे मिटले. बाईंच्या खांद्यावर भरजरी शाल घातली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई मनाशी म्हणाल्या, "आता पोरीला सांगावं, लाव म्हणून." पण सा इतका गोड लागला, की म्हणाल्या, "आज राहू दे, उद्या सांगू." तिसऱ्या दिवशीही उद्या. मग सांगायचं राहूनच गेलं. तुळजा रोज सगळ्यांबरोबर बसे, तोंड हलवी, आणि उठून चूल पेटवी.

मग घरात काय झालं? पहिल्या महिन्यात बाईंना पिंपळावरची पाखरं ऐकू येईनात. दुसऱ्या महिन्यात मुलींचे गळे ऐकू येईनात. तिसऱ्या महिन्यात बाईंनी स्वतःचा सा लावला, आणि तो कानात आलाच नाही. बाई घाबरल्या. ओव्याचा शेक झाला, लसणीचं तेल झालं, वैद्याचा काढा झाला. कशाचा गुण नाही. बाई कुणाला बोलल्या नाहीत. मुलींच्या तोंडाकडे बघून शिकवू लागल्या. कुणी चुकलं तरी "छान" म्हणत. मुलींना कळलं. पण बाईंना वाईट वाटेल, म्हणून एकीनंही दाखवलं नाही. उलट बाई रागवत नाहीत म्हणून त्याच घरी जाऊन रडत.

वर्ष सरलं. शेजारच्या अनसूकाकू ताकाचं भांडं घेऊन आल्या. ताक हे निमित्त, आत काय चाललंय ते बघायचं होतं. बाईंच्या कानाशी तोंड नेऊन त्या अशा ओरडल्या, की पारावरचे लोकही उठून बसले.

"बाई, तुमच्या घरातला तो जाड सा कुठं गेला हो?"

"कुठला जाड सा?"

"रांजणातला! खोटं कशाला बोलू, मी रोज भिंतीला कान लावते. तो आला की मी दूध चुलीवर ठेवायची. वर्ष झालं, माझ्या दुधाची वेळच चुकते. तुळजेला झालंय काय? तोंड तर हलतं, खिडकीतून दिसतं मला."

"काकू, तुम्ही खिडकीतून बघता?"

"मग? दार तुम्ही लावून घेता!"

काकू ताक ठेवून गेल्या.  बाईंना सूरमायेचा शब्द आठवला. घरच्या कुणाला गप्प म्हणू नये. "मी वसा मोडला," बाई म्हणाल्या. "माझ्या कानांना घर मुकं झालं ते माझ्याच पायी."

मग बाई तुळजेकडे गेल्या. राणीची शाल पुढं केली. "ही घे, आणि उद्या सा लाव." तुळजेनं शालीला नमस्कार केला, घडी घालून पेटीत ठेवली आणि मान हलवली. म्हणाली, "मला येत नाही, सासूबाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांदेखत हुकूम केला. "मी मोठी आहे घरात. तुळजे, लाव." तुळजेनं आ केला. घशातून वारासुद्धा निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी तुळजा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "पोरी, मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मी तुला गप्प केलं, त्याचं हे फळ. कान परत दे म्हणायला आले नाही. चुकले, तेवढं सांगायला आले."

तुळजेच्या हातातलं सूप खाली आलं. वर्षाचं साठलेलं रडू फुटलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि चमकल्या. हाताला काहीतरी लागत होतं. हुंदका खालून येत होता, खोलातून, आणि तळव्यात घुमत होता.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "रडते आहेस तिथंच सा लाव. वर येऊ नकोस."

तुळजेनं लावला. तळवा थरारला, थरार दंडातून छातीत गेला. बाई धावत जाऊन तंबोरा घेऊन आल्या. एक हात तुळजेच्या पाठीवर, गाल तंबोऱ्याच्या दांडीला. दुसऱ्या हातानं तार छेडत, खुंट्या सैल करत गेल्या. तार उतरली, आणखी उतरली, आणखी उतरली. मग पाठीतली थरथर आणि दांडीतली थरथर एक झाली.

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "अग, तू बेसूर नव्हतीसच. तंबोरा माझ्या गळ्याचा, आणि ओढत होते तुला. गावाला शिकवलं, आणि घरातल्या पोरीला कधी विचारलं नाही, तुझा सूर कुठं लागतो म्हणून!"

"मी तरी कुठं सांगितलं?" तुळजा त्यांच्या कानाशी म्हणाली. मग दोघी हसल्या. तांदूळ तसेच राहिले. त्या दिवशी जेवणं उशिरा झाली.

दुसऱ्या पहाटे सगळी बसली. तंबोरा खालच्या सुरात, तुळजा पुढं. ज्याचा जिथं लागेल तिथं त्यानं लावला. अनसूकाकूंचं दूध वेळेवर तापलं. बाईंचे कान काही परत आले नाहीत. पण नवी मुलगी शिकायला आली, की बाई आधी तिच्या पाठीवर हात ठेवीत, मग तंबोऱ्याला हात लावीत. आणि पुन्हा रागवू लागल्या. मुलींना बरं वाटलं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. बाई थकल्या, अंथरुणाला टेकल्या. एका पहाटे अंगणात सूरमायेचं विमान उतरलं. दूत म्हणाले, "मथूबाई, चला." आत तुळजेचा सा नुकताच लागला होता, बाईंचा तळवा तिच्या पाठीवर होता. बाई म्हणाल्या, "थांबा जरा. माझ्या पोरीचा श्वास पुरा होऊ दे." विमान थांबलं. तुळजेला कळलं, हात जड झाला. तिनं सूर मोडला नाही. होता तेवढा श्वास लावला, आणि सावकाश सोडला. मग विमान गेलं.

जशी सूरमाय मथूबाईंना पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्या घरी कुणी नुसतं तोंड हलवत असेल, त्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात येवो. ही साठ सुरांची कहाणी, पांच श्वासांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.