गिरणीवरचं गोणपाट

ह्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मग तुला मानते!

आमच्या हौसाक्काची पिठाची गिरणी. तीन वाड्यांची दळणं तिच्याकडं. एकदा शहरातनं निनाद साहेब आले, गावाची छोटी फिल्म काढायला. सगळ्यांदेखत म्हणाले, "मी नटवत नाही, कापत नाही. समोर घडतं तेच खरं दाखवतो." आणि लगेच गिरणीवर गोणपाट टाकलं की! "अक्का, गिरणी नको. जात्यावर दळा, ओवी म्हणा. तेच खरं गाव."

हौसाक्कानं पुढचं ताडलं. फिल्म तालुक्याला दाखवणार, मग गिऱ्हाईक म्हणणार, अक्काची गिरणी बंद पडली. लई सांगून बघितलं, साहेब ऐकेचनात. तशी ती गालात हसली, जातं मांडून बसली. ओवी काय, बाई बसल्या जागी जुळवती. कॅमेरा सुरू झाला आणि अक्कानं गळा सोडला:

"चालत्या गिरणीवर माझ्या, बाई, गोणपाट टाकलं,
खरं खरं म्हणणाऱ्यानं गं, खरंच झाकलं!"

दारातल्या बाया फिदीफिदी हसल्या. साहेब लालेलाल. "थांबा, थांबा! हे कापावं लागेल."

"कापा की," अक्का म्हणाली. "सगळ्या फिल्ममधी तेवढंच खरं हाय, तेवढं कापा."

साहेबांनी आपल्या हातानं गोणपाट ओढून काढलं. तालुक्याला फिल्म लागली तेव्हा पडद्यावर गिरणी धडधडत होती, आणि ओवीसुद्धा होती, अख्खी.

आता ऊठ, नीघ इथनं. माझं दुपारचं झोपायचं राहिलंय.